थोरला पाय

आमच्या मास्तरांना माणसाच्या तोंडाकडे बघायची सवयच नव्हती. दुकानात कुणी शिरलं की यांची नजर आधी जमिनीवर. माझी आणि त्यांची पहिली भेट झाली तेव्हा ताईने मोठ्या कौतुकाने ओळख करून दिली, "ही माझी बहीण." तर हे गृहस्थ माझ्या चपलांकडे बघून म्हणाले, "डावी टाच बाहेरच्या अंगाने झिजवता तुम्ही." मी म्हटलं, "आणि तुम्ही पहिल्या भेटीतच माणसाची उणीदुणी काढता!" तेव्हापासून आमचं जे जमलं ते जमलंच. ते मला मेहुणीबाई म्हणायचे, मी त्यांना मास्तर. भावजी वगैरे माझ्या तोंडाला कधी बसलं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते बूट करायचे. बाजारातला बूट ज्याच्या पायात जात नाही त्याचा बूट. एक पाय आखूड, एक पाऊल आत वळलेलं, बोटं गेलेली, घोटा धरत नाही, असली सगळी मंडळी आमच्याकडे. दुकान म्हणजे रस्त्याकडून आत जाणारी एक लांबट खोली. पुढे काच, काचेपाशी मास्तरांचा ठोकळा, चामडं कापायची रापी, टोचायची आरी, खिळ्यांचे डबे. भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर लाकडी पावलं. प्रत्येक पाऊल कुणा ना कुणाच्या पायाबरहुकूम कोरलेलं. मागच्या अंगाला खिडकीखाली माझं शिलाई मशीन. बुटाचा वरचा भाग मी शिवायची, तळ आणि टाच मास्तर करायचे. त्याच्याही मागे आमच्या राहायच्या खोल्या. माझं लग्न झालं आणि मोडलं, त्याचं पुराण इथे नको. मोडल्यावर ताई स्वतः येऊन मला घेऊन गेली आणि मशीनपुढे बसवलं. "रडायचं तर रड, पण हात चालू दे," म्हणाली. ताईचं बोलणं हे असं.

ताईचा उजवा पाय लहानपणी गेला. आमच्या लहानपणी ताप घरात शिरला की काहीतरी घेऊनच बाहेर पडायचा. त्याच आठवड्यात शेजारची मुलगी दगावली, ताईच्याच वयाची. ताई वाचली, पण ताप उतरल्यावर आईने तिला पलंगावरून खाली उभं केलं तर उजवा पाय चिंधीसारखा दुमडला. आईने त्याचं दुःख केलं असेल, मला ते आठवत नाही. मला आठवतं ते हे, की ती आल्यागेल्याला सांगायची, "माझं नशीब बलवत्तर, पायावर निभावलं." शेजारच्या बाईसमोर मात्र ती हे कधी बोलली नाही. आमच्याही आधीची दोन भावंडं आईने घालवली होती. त्या काळी आईबाप पोरं मोजायचे ती गोवर, कांजिण्या, सगळं पार पडल्यावर. त्याआधी मोजण्यात अर्थ नसायचा.

तर ताईचा तो पाय बारीकच राहिला. गार पडायचा, निळसर दिसायचा. पण त्याला सगळं कळायचं बरं का! ताकद गेली होती, जाणीव नाही. पट्टा जरा घासला, मोज्याला सुरकुती पडली की लगेच तक्रार. ताई त्याला धाकटा म्हणायची आणि धडधाकट डाव्याला थोरला. "थोरला राबतो आणि धाकटा लाड करून घेतो," म्हणायची, "प्रत्येक घरात असंच असतं, विचारा हवं तर." हे म्हणताना माझ्याकडे बघायची, कारण मी धाकटी. मी म्हणायची, "मशीन काय तुझा थोरला चालवतो का?"

मास्तरांची आणि तिची गाठ त्या धाकट्यानेच घातली. ताई नुकती शाळेत शिकवायला लागली होती आणि जाड तळाच्या बुटासाठी दुकानात आली. मास्तरांनी माप घेतलं. बसतोय का बघायला बोलावलं. पुन्हा बोलावलं. अजून जरा घोट्यापाशी सैल आहे म्हणून आणखी बोलावलं. बूट पहिल्याच खेपेला नीट बसला होता, हे त्यांनी लग्न झाल्यावर कबूल केलं. ताई म्हणाली, "मला काय कळत नव्हतं का? पाय माझाच होता ना!"

पुढे आयुष्यभर त्या माणसाने तो पाय जपला. दर रविवारी सकाळी, चहा झाला की ताई खुर्चीत बसायची आणि मास्तर समोर पाटावर. पायाला आधाराच्या सळया धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे पट्टे सोडायचे, कोमट पाण्याने पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यात बघायचे, टाच उलटी करून उजेडात धरायचे. कुठे लाल दिसलं की पट्टा दुकानात नेऊन आतून तासायचा. हे इतकं नेमाने चालायचं की मी चिडवायची, "मास्तर, आमच्या आईने बाळाला केलं नसेल इतकं न्हाऊमाखू करता तुम्ही." ते हसायचे आणि पाय मोज्यात घालायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला वाटतं, त्यांची सगळी माया त्या पायाला जाऊन मिळाली होती.

आणि तेवढा वेळ थोरला काय करायचा? बाजूला जमिनीवर टेकलेला असायचा. ताई त्याच्यावरच उभी राहायची, त्याच्यावरच चालायची. शाळेत ती कधी खुर्चीत बसून शिकवत नसे. "बसून शिकवलं तर मुली म्हणतील बाई लंगड्या आहेत. उभी राहून शिकवलं तर म्हणतील बाई खाष्ट आहेत. मला खाष्ट परवडतं," हे तिचं म्हणणं. शाळेपर्यंत पायी जायची, पायी यायची. शाळा सुटली, वयाने घरी बसवलं, तरी रोज बाजाराची फेरी स्वतःच्या पायाने. ताईला कुणी हात द्यायला गेलं तर ती त्याच्याकडे अशी बघायची की हात आपोआप खिशात जायचा. चालणं हा तिचा जीव होता, उगीच सांगत नाही. म्हातारपणी कुणावर पडायचं नाही, उभ्याउभ्या जायचं, हे तिचं एकच मागणं होतं.

दुकानाची गंमत सांगते. आधी आमच्याकडे पोरंच पोरं. आया कडेवर घेऊन यायच्या, बारीक बारीक पाय लोंबत असायचे. पाऊल वाढलं की नवा बूट, म्हणून तीच पोरं पुन्हा पुन्हा यायची आणि आमच्या डोळ्यांदेखत मोठी व्हायची. मग लशीचे थेंब आले. हळूहळू नवी पोरं येईनाशी झाली. एक दिवस मास्तर रापी खाली ठेवून म्हणाले, "मेहुणीबाई, यंदा एकही छोटा बूट केला नाही आपण." मी म्हटलं, "मग धंदा बसला म्हणायचा." तर म्हणाले, "बसू दे की! असा धंदा बसायलाच पाहिजे." त्या दिवशी त्यांनी दुपारीच दुकान बंद केलं आणि आम्हा दोघींना बागेत फिरायला नेलं. इतके खुशीत मी त्यांना फार वेळा बघितलेले नाही.

पण धंदा काही बसला नाही. आता म्हातारी माणसं यायला लागली. रक्तात साखर झालेली. आमच्या आजीच्या वेळी एवढं जगतच कोण होतं! पन्नाशीच्या आत माणसं आटपायची, साखर व्हायला सवड कुठली? आता माणसं जगतात, भरपूर जगतात, आणि पाय त्यांच्या आधी थकतात. या लोकांचं दुखणं उलटं. ताकद शाबूत, पण पायाला कळत काहीच नाही. बुटात खडा गेला तरी दिवसभर चालतील. म्हणून मास्तर त्यांच्या प्रत्येक बुटात हात घालून आतून चाचपायचे. मनगटापर्यंत हात आत आणि डोळे मिटलेले. एखादा टाका वर आलेला लागला तर मला हाक, "मेहुणीबाई, हे काय शिवलंय!" मग मीही ऐकून घ्यायची नाही.

आणि मग ताईलाही साखर निघाली.

डॉक्टरीण तरुण होती, चांगली होती. तिने नीट समजावून सांगितलं. गोड कमी करा, गोळ्या चुकवू नका, आणि पाय रोज बघत जा. हे ऐकून मास्तर जवळजवळ हसलेच. पाय बघायला आम्हाला शिकवायचं? अहो, आमच्या घरात दुसरं केलंय काय इतकी वर्षं! घरी आल्यावर त्यांनी रविवारचं काम रोजचं केलं. रोज सकाळी पाट, कोमट पाणी, पुसणं, उजेडात धरणं. धाकट्याला. फक्त धाकट्याला. डाव्या पायाकडे बघायला हवं, हे त्यांच्या मनात आलं नाही, ताईच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. तो चांगला पाय होता. आमच्या घरात चांगला पाय म्हणजे ज्याच्याकडे बघावं लागत नाही तो. "त्याला काय होतंय!" हे आम्ही तिघंही म्हणायचो आणि म्हणताना कौतुकाने म्हणायचो.

डाव्या बुटाची टाच लवकर झिजायची, सगळा भार तिच्यावर म्हणून. मास्तर जुनी टाच उपटायचे, नवी ठोकायचे आणि बूट दारापाशी ठेवून द्यायचे. त्या खेपेलाही तेच झालं. ताईला बाजारात जायचं होतं, ती दारातून हाका मारत होती, "अहो, झाला की नाही? दुकानदार झोपायला जाईल!" त्यांनी शेवटचा खिळा ठोकला, बूट फडक्याने पुसला आणि तिच्या हातात दिला. आत हात घालून बघितलं नाही. डाव्या बुटात ते कधीच हात घालत नसत.

बाजारातून ती आली, दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. छान चालत होती. मी कपडे धुताना मोज्याला तपकिरी डाग बघितला. म्हटलं, "ताई, हे काय गं?" ती म्हणाली, "चिखल असेल. तू सगळ्यात डाग शोधत असतेस." पुढच्या मोज्यालाही डाग, आणि त्याला वास. मी तिला ओढत खुर्चीत बसवलं, डावा पाय वर घेतला. टाचेच्या मधोमध एक काळं छिद्र होतं आणि भोवती सगळं सुजून चकाकत होतं. मी बोट लावलं. "दुखतंय?" ती म्हणाली, "कुठे लावलंयस?"

मास्तर धावत आले. पाय बघितला. वळले आणि दारातला डावा बूट उचलला. आत हात घातला आणि घातला तसाच ठेवला. हात बाहेर काढेनात. मी म्हटलं, "मास्तर, आहे का काही?" मी त्यांच्या हातातून बूट ओढून घेतला आणि स्वतः चाचपलं. तळाच्या चामड्यातून टाचेच्या खिळ्याचं टोक वर आलं होतं.

मग हॉस्पिटल. साफ केलं, औषधं दिली, पुन्हा साफ केलं. डॉक्टरीण रोज येऊन टाच बघायची आणि रोज तिचा चेहरा थोडा अधिक शांत व्हायचा, तेव्हाच मी काय ते ओळखलं. विष हाडात गेलं होतं. गुडघ्याखाली काढावा लागेल म्हणाली. मास्तरांनी विचारलं, "दुसरा काढून चालणार नाही का?" असा वेड्यासारखा प्रश्न त्यांनी विचारला, आणि ती मुलगी त्याला हसली नाही. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ऑपरेशनच्या आधी ताई उशांना टेकून बसली होती. मास्तर शेजारी. मी पायथ्याशी. ते एकदम म्हणाले, "अगं, तो खिळा मी ठोकला होता."

ताई म्हणाली, "मग कोण ठोकणार? माझ्या बुटाला दुसऱ्या कुणी कधी हात लावलाय?"

"मी आत बघितलं नाही."

"मी तरी कुठे बघितलं? माझाच पाय, आणि मला विचारा, तळव्याला तीळ आहे का? सांगता यायचं नाही. उजव्याचं सगळं सांगेन." मग तिचे डोळे भरून आले. "फार राबवला हो आपण त्याला. साधं तेल नाही लावलं कधी."

ताईला मी लहानपणापासून ओळखते. तिला रडताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि ती स्वतःसाठी रडत नव्हती, त्या पायासाठी रडत होती. मास्तर तिचा हात धरून बसले होते आणि त्यांना रडायलाही तोंड राहिलं नव्हतं.

थोरला गेला. घरी आली ती चाकाच्या खुर्चीतून. मास्तरांनी हार मानली नव्हती. एका ओळखीच्या कारागिराकडून खोटा पाय करवून घेतला, त्याला बूट स्वतः चढवला. धाकट्याच्या कॅलिपरला जाड सळया लावल्या, गुडघ्याला नवी कडी बसवली. दुकानात दोन्ही बाजूंनी धरायला दांड्या उभ्या केल्या. जेवणं झाल्यावर, दुपारी गिऱ्हाईक नसताना, ताईला तिथे आणलं. ती म्हणाली, "लोकांना तमाशा नको, आधी पडदा ओढा." मी पडदा ओढला. मास्तरांनी तिला काखेत हात घालून उचललं.

खोटा पाय उभा राहिला हो! लाकूड आणि लोखंड ते, ठाम उभं राहिलं. धाकटा राहिला नाही. सळयांच्या आत तो नुसता थरथरत होता, कमरेतूनच कलत होता. ताईने दांड्या घट्ट धरल्या, ओठ चावला, पुन्हा भार टाकून बघितला. घामाने तिचा चेहरा भिजला. मास्तर खाली बसून त्याचा गुडघा दोन्ही हातांनी धरून होते आणि म्हणत होते, "येईल, येईल, सवय होईल त्याला." मी मागून तिची कंबर धरली होती, आणि माझ्या हातात तिचं सगळं वजन येत होतं.

"बसवा मला," ताई म्हणाली. "त्याला नाही येणार. त्याला उभं राहायचं कधी कामच पडलं नाही."

पुन्हा तिने प्रयत्न केला नाही. दांड्या मात्र मास्तरांनी काढल्या नाहीत, गिऱ्हाईकं वळसा घालून आत यायची. सकाळचा पाट, कोमट पाणी, ते सगळं ताईने बंद करवलं. मास्तर भांडं घेऊन आले की ती धाकटा पाय चादरीखाली ओढून घ्यायची. म्हणायची, "आता पुरे. आता कशाला!" मास्तर भांडं घेऊन उभेच्या उभे राहायचे आणि मग परत जायचे. मला दोघांचाही राग यायचा. राग येण्याखेरीज मी दुसरं काय करणार होते?

मग तिचं हृदय दमायला लागलं. चालणाऱ्या माणसाला बसवून ठेवलं की हे होतंच, असं डॉक्टरीण म्हणाली नाही, ते माझं म्हणणं. ती पलंगालाच खिळली. खाणं उतरलं. आणि एका सकाळी, चांगलं ऊन खोलीत आलं होतं, तेव्हा तिने हाक मारली, "अहो, जरा इकडे या."

मास्तर हातातलं काम टाकून आले. मीही आले.

"टाचेत टोचतंय हो."

त्यांनी लगबगीने उजव्या पायावरची चादर सारली. ती म्हणाली, "त्याच्या नाही. थोरल्याच्या. खिळा टोचतोय. किती दुखतंय!"

नसलेला पाय दुखतो, असं होतं म्हणे पुष्कळांना, डॉक्टरिणीने पुढे समजावून सांगितलं. पण त्या क्षणी मला कुणाचं समजावणं नको होतं. जिवंत होता, राबत होता, तेव्हा त्या पायाला खिळा कळला नाही, आणि आता नसताना कळत होता! मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं ताई, तिथे काही नाही गं. मी तोंडावर हात ठेवला.

मास्तर कोपऱ्यातला पाट घेऊन आले आणि पलंगाच्या डाव्या बाजूला बसले. चादर तिथे सपाट होती. त्या सपाट चादरीवर त्यांनी हात ठेवला.

"इथे?"

"जरा खाली."

त्यांनी हात सरकवला. "इथे?"

"हां. तिथेच. हळू."

तो म्हातारा माणूस रिकाम्या गादीवर अंगठा फिरवत बसला. अगदी तसाच, जसा खऱ्या टाचेवर फिरवतात. मधेमधे वाकून बघायचा, पुन्हा चोळायचा. ताईने डोळे मिटले. म्हणाली, "आता बरं वाटतंय. थांबू नका."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. पण जेवढे दिवस राहिली, तेवढे दिवस मास्तर दुकानात गेले नाहीत. रोज सकाळी पाट डाव्या बाजूला घ्यायचे आणि जिथे पाय नव्हता तिथे ती सांगेल तोवर चोळत बसायचे. ती गेली त्या सकाळीही त्यांचा हात तिथेच होता. मी म्हटलं, "मास्तर, उठा आता. ती गेली." ते म्हणाले, "माहीत आहे. थांबा म्हणाली नाही अजून."